चीनमध्ये भ्रष्टाचार नेमका कशाला म्हणतात?

‘चीनसारखं करायला पाहिजे. तिकडे पैसे खाल्ले की सरळ गोळी घालतात.’ आपल्याकडे भ्रष्टाचारावर गप्पा रंगल्या की कुणीतरी हे वाक्य टाकतोच आणि बाकीचे माना डोलावतात. त्यात खरं किती आणि ऐकीव किती, ते पुढे पाहू. त्याआधी सहसा न विचारला जाणारा एक प्रश्न आहे. चीनमध्ये ‘पैसे खाल्ले’ असं कशाला म्हणतात, आणि ते ठरवतं कोण?

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी चीनच्या संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं, की नऊ वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांना कम्युनिस्ट पक्षातून काढून टाकण्यात आलं आहे. त्यात केंद्रीय लष्करी आयोगाचे, म्हणजे सगळ्या लष्करावर ताबा असलेल्या संस्थेचे, उपाध्यक्ष हे वेइदोंग होते, म्हणजे देशाच्या पहिल्या पंचवीस माणसांतले एक. कारण दिलं होतं पक्षशिस्तीच्या गंभीर भंगाचं, आणि पदाशी संबंधित, मोठ्या रकमेच्या संशयित गुन्ह्यांचं. तीन महिन्यांनी, २४ जानेवारी २०२६ ला, त्याच आयोगाचे दुसरे उपाध्यक्ष झांग यौश्या यांची चौकशी जाहीर झाली. त्यानंतर लष्कराच्या मुखपत्रात आलेल्या अग्रलेखाचा मोठा भर एका गोष्टीवर होता: लष्करावर आयोगाच्या अध्यक्षांची, म्हणजे शी जिनपिंग यांची, जी अंतिम हुकमत आहे ती यांनी पायदळी तुडवली.

भ्रष्टाचाराची बातमी, आणि आधी हुकमतीची भाषा. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपण एकच व्याख्या गृहीत धरतो. चीनमध्ये त्या दोन आहेत. एक फौजदारी कायद्यातली: रेखीव, कलमांत आणि आकड्यांत बांधलेली. दुसरी पक्षाची: ऐसपैस. आणि माणसाला आधी लागू होते ती दुसरी.

### कायद्याच्या पुस्तकात काय आहे?

चीनचा आजचा फौजदारी कायदा मुळात १९७९ चा, १९९७ मध्ये नव्याने लिहिलेला. त्याच्या आठव्या प्रकरणात हे गुन्हे येतात, आणि ‘भ्रष्टाचार’ असा एकच सरसकट गुन्हा तिथे नाही. वेगवेगळे गुन्हे आहेत.

पहिला अपहार. पदाचा फायदा घेऊन सरकारी मालमत्ता हडप करणं. यात एक बारीक तरतूद आहे: कामानिमित्त मिळालेली भेटवस्तू सरकारजमा केली नाही, तर तोही अपहारच. बीजिंगचे एकेकाळचे सर्वेसर्वा चेन शितोंग यांना १९९८ मध्ये १६ वर्षांची शिक्षा झाली, त्यात परदेशी पाहुण्यांकडून मिळालेल्या आणि घरीच ठेवलेल्या २२ मौल्यवान वस्तूंचा मोठा वाटा होता.

दुसरा, सरकारी पैसा तात्पुरता वापरणं. परत करायच्या बोलीवर तिजोरीतली मोठी रक्कम खासगी कामाला घेतली आणि तीन महिन्यांत परत केली नाही, की गुन्हा. तोच पैसा बेकायदा कामाला वापरला, तर तीन महिन्यांची सवलतही नाही.

तिसरा गुन्हा लाच घेण्याचा. कायदा म्हणतो, अधिकाऱ्याने पदाचा वापर करून दुसऱ्याकडे पैसे किंवा वस्तू मागितल्या, किंवा घेतल्या आणि त्या बदल्यात त्याचं काम केलं, की ती लाच. मागून घेतली असेल तर काम केलं की नाही हा प्रश्नच येत नाही. समोरून आलेली असेल तर मात्र ‘बदल्यात काय केलं?’ हे दाखवावं लागतं. या एका अटीने चिनी वकिलांना वर्षानुवर्षं काम पुरवलंय. तिच्याकडे परत येऊ.

चौथा गुन्हा आपल्या ओळखीचा आहे. आपला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग ज्याला अपसंपदा म्हणतो, तीच ही: उत्पन्नाशी मेळ न खाणारी, हिशेब न देता येणारी संपत्ती. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण शान्शी प्रांतातल्या यांग दाकाय यांचं. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथे बस आणि टँकरच्या धडकेत ३६ माणसं जळून मेली. कामगार-सुरक्षा खात्याचे प्रांतप्रमुख असलेले यांग घटनास्थळी आले आणि छायाचित्रात चक्क हसताना दिसले. लोक खवळले. मग इंटरनेटवरच्या मंडळींनी त्यांचे जुने फोटो उकरून काढले, आणि प्रत्येक फोटोत मनगटावर वेगळं महागडं घड्याळ! नाव पडलं ‘घड्याळदादा’. वर्षभरात १४ वर्षांची शिक्षा झाली. त्यात सिद्ध झालेली लाच होती अडीच लाख युआन, आणि जिचा उगम सांगता आला नाही अशी संपत्ती ५० लाखांच्या वर. एक युआन साधारण १२ रुपयांचा धरून हिशेब करावा.

या कलमाची एक गंमत म्हणावी की त्रुटी, ठरवणं कठीण. लाचेला जन्मठेप किंवा फाशीपर्यंत शिक्षा आहे, पण ‘हिशेब न देता आलेल्या’ संपत्तीला जास्तीत जास्त दहा वर्षं. म्हणजे पैसा कुठून आला हे आठवलं नाही, तर आरोपीचा फायदाच.

### ‘अधिकारी’ म्हणजे कोण? एका इस्पितळातली गोष्ट

हे सगळे गुन्हे सरकारी कामकाज करणाऱ्याचे. मग ‘सरकारी कामकाज’ म्हणजे काय? समजा, एका सरकारी इस्पितळात दोन डॉक्टर आहेत आणि औषध कंपनीचा माणूस दोघांनाही पाकिटं देतो. पहिला खरेदी समितीवर आहे. त्याने कंपनीची यंत्रं इस्पितळाला घ्यायला लावली. दुसरा फक्त बाह्यरुग्ण विभागात बसतो आणि त्या कंपनीची औषधं लिहून देतो. सर्वोच्च न्यायालय आणि सर्वोच्च अभियोग कार्यालय यांच्या २००८ च्या निर्देशांनुसार पहिल्याचा गुन्हा सरकारी अधिकाऱ्याने लाच घेतल्याचा. दुसऱ्याचा गुन्हा बिगरसरकारी माणसाच्या लाचखोरीचा, ज्याचं कलमच वेगळं आहे. औषध लिहून देणं हे डॉक्टरचं काम झालं, सरकारी सत्ता नव्हे, असा त्यामागचा विचार.

गावपातळीवरही हेच. गावसमितीचा प्रमुख पूरग्रस्तांची मदत किंवा जमीन-संपादनाची भरपाई वाटत असेल तेव्हा तो कायद्याने सरकारी माणूस; त्यातले पैसे खाल्ले तर अपहार. गावाच्या स्वतःच्या सामुदायिक पैशावर हात मारला तर तो वेगळा गुन्हा. माणूस तोच, टोपी बदलली की कलम बदलतं.

### किती रकमेपासून गुन्हा?

इथे मराठी वाचक दचकतो. आपल्याकडे पाचशे रुपये घेताना तलाठी सापळ्यात सापडतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. चीनमध्ये फौजदारी गुन्ह्याला किमान रक्कम आहे. १९९७ च्या कायद्यात ती ५,००० युआन अशी थेट छापलेली होती. २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यातले आकडे काढून ‘बऱ्यापैकी मोठी’, ‘प्रचंड’, ‘अतिप्रचंड’ असे शब्द घातले, आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्या शब्दांचे भाव ठरवून दिले: ३० हजार, २ लाख आणि ३० लाख युआन. पहिल्या पायरीला तीन वर्षांपर्यंत, दुसरीला तीन ते दहा, तिसरीला दहा वर्षांच्या वर, जन्मठेप किंवा मृत्युदंड. मदतनिधीत हात मारणं, आधी शिक्षा झालेली असणं अशी गंभीर बाब असेल तर उंबरठा १० हजारांवर येतो.

मग वीस हजार युआन, म्हणजे जवळपास अडीच लाख रुपये, घेणारा सुटला का? तुरुंगातून, बहुधा. पक्षाच्या आणि खात्याच्या शिक्षेतून नाही.

### भेट आणि लाच यांच्यातली रेघ

‘पण चिनी समाजात भेटी देणं-घेणं ही संस्कृतीच आहे ना? सणाला पैशांचं लाल पाकीट, मध्य-शरद उत्सवाला मूनकेक...’ हा आक्षेप चीनमधले अधिकारीही न्यायालयात घेतात. न्यायालयं तो सरसकट उडवून लावत नाहीत. चार गोष्टी पाहतात. दोघांचं नातं काय, आधीपासून येणं-जाणं आहे का? वस्तूची किंमत किती? कोणत्या निमित्ताने आणि कशा रीतीने दिली, देणाऱ्याचं काही काम अडलं होतं का? आणि घेणाऱ्याने पदाचा वापर करून काही केलं का? बालमित्राने मुलाच्या लग्नात दिलेला आहेर वेगळा, आणि ज्याची फाइल टेबलावर आहे त्या बिल्डरने दिलेला आहेर वेगळा.

देणारेही हुशार असतात. रोख रकमेऐवजी निम्म्या भावात फ्लॅट, पैसे न भरता मिळालेले शेअर, जुगाराच्या टेबलावर मुद्दाम हरणं, बायकोला कंपनीत नावापुरती नोकरी, ‘निवृत्त झाल्यावर देतो’ असा वायदा. २००७ च्या निर्देशांत अशा वाटा एकेक करून बुजवल्या. आन्हुई प्रांताचे उपराज्यपाल नी फाके यांना जेड या मौल्यवान दगडाचं वेड होतं. लोक पैशाऐवजी दगड घेऊन यायचे. २०१५ मध्ये त्यांना १७ वर्षांची शिक्षा झाली.

सगळ्यांत अवघड प्रकार मात्र वेगळाच. व्यापारी दर नववर्षाला पाकीट देतो आणि काही म्हणजे काहीच मागत नाही. पाच वर्षं, दहा वर्षं. मग ‘बदल्यात काय केलं?’ या अटीचं काय करायचं? चीनमध्ये याला ‘भावनिक गुंतवणूक’ म्हणतात. २०१६ च्या निर्देशांनी यावर तोडगा काढला: हाताखालच्या माणसाकडून, किंवा ज्याच्यावर आपला प्रशासकीय ताबा चालतो त्याच्याकडून, ३० हजार युआन किंवा जास्त घेतले आणि त्याचा कामावर परिणाम होऊ शकत असेल, तर काम करून देण्याचं वचन दिलंच असं धरावं. माझ्या मते संपूर्ण चिनी व्यवस्थेतला हा सगळ्यांत शहाणा नियम आहे. सत्तेच्या जवळ कुणी फुकट पैसे ठेवत नाही, एवढं व्यवहारज्ञान त्यात आहे.

एक जागा मात्र कायद्याने मोकळी सोडली आहे. लाच पैशांत मोजता यावी लागते. घराची सजावट, सहल, माफ केलेलं कर्ज लाच म्हणून धरलं जातं, शरीरसंबंध धरले जात नाहीत. चोंगचिंगच्या एका उपनगराचे पक्षसचिव लेई झेंगफू यांची २०१२ मध्ये चित्रफीत बाहेर आली. व्यावसायिकांनीच तरुणीला पुढे करून रचलेला तो सापळा होता. खुर्ची चित्रफितीमुळे तीन दिवसांत गेली, पण २०१३ मध्ये १३ वर्षांची शिक्षा झाली ती पैशांच्या लाचेसाठी.

### कायद्याच्या आधी पक्ष

वारकरी संप्रदायात माळ घातलेल्या माणसाने मटण खाल्लं तर पोलीस येत नाहीत. देशाच्या कायद्यात तो गुन्हाच नाही. पण त्याने स्वतःहून घेतलेलं व्रत मोडलेलं असतं आणि त्याला जाब विचारला जातो. चिनी कम्युनिस्ट पक्षाचे दहा कोटी सदस्य हे असे माळकरी समजा. फरक असा, की इथे जाब विचारणाऱ्यांच्या हाताशी कोठडीही आहे, आणि माळकऱ्याला पोलिसांकडे द्यायचं की नाही हेही तेच ठरवतात.

व्रताचे नियम ‘शिस्तभंग कारवाई नियमावली’त लिहिलेले आहेत. २०१५ पासून त्यांचे सहा गट आहेत: राजकीय, संघटनात्मक, सचोटीची, जनतेशी वागण्याची, कामाची आणि खासगी आयुष्याची शिस्त. आपण ज्याला भ्रष्टाचार म्हणतो तो यातल्या फक्त एका गटात, तिसऱ्यात, बसतो. पहिल्या गटात गटबाजी आहे, केंद्रीय धोरणांची ‘अयोग्य चर्चा’ आहे, आणि २०२३ च्या सुधारणेनंतर राजकीयदृष्ट्या आक्षेपार्ह पुस्तकं खासगीत वाचणंही आहे. सहाव्यात विवाहबाह्य संबंध. मध्ये कुठेतरी नियमबाह्य गोल्फ सदस्यत्वाचं कार्डही येतं. शिक्षा पाच: ताकीद, कडक ताकीद, पक्षपदावरून दूर करणं, सदस्यत्व देखरेखीखाली ठेवणं आणि हकालपट्टी.

शिवाय ‘आठ कलमी नियम’. शी जिनपिंग पक्षप्रमुख झाल्यावर महिन्याभरात, ४ डिसेंबर २०१२ ला, पॉलिटब्यूरोने, म्हणजे पक्षाच्या शिखर समितीने, ते मंजूर केले: बैठका छोट्या, भाषणं छोटी, स्वागताचा गालिचा नको, दौऱ्यात लवाजमा नको. पुढच्याच वर्षी सरकारी पैशाने मूनकेक वाटायला बंदी आली, मग नववर्षाची भेटकार्डं छापायलाही. माओताई या महागड्या दारूचा भाव कोसळला, यावरून आधी ती कुणाच्या पैशाने पीत होते ते कळतं. नियम आजही जिवंत आहेत आणि मोडलेही जातात. मार्च २०२५ मध्ये हेनान प्रांतातल्या लुओशान इथे, याच नियमांची उजळणी करण्याची मोहीम चालू असताना, काही अधिकारी दुपारच्या जेवणाला बसले, दारू झाली आणि त्यातला एक त्याच दिवशी मेला. मे महिन्यात सुधारित नियम आले: सरकारी पाहुणचाराच्या जेवणात दारू आणि सिगारेट बंद.

उधळपट्टी, दिखाऊपणा आणि लाच यांना एकाच पंगतीला बसवणं ही शी यांची नवी कल्पना नव्हे. १९५१-५२ च्या ‘त्रि-विरोधी’ मोहिमेतले तीन शत्रू होते अपहार, उधळपट्टी आणि नोकरशाही. त्याच मोहिमेत ल्यू चिंगशान आणि झांग झिशान या दोन जुन्या क्रांतिकारक अधिकाऱ्यांना फेब्रुवारी १९५२ मध्ये बाओदिंगला मृत्युदंड दिला गेला.

### प्रत्यक्षात गाडी कशी पुढे जाते?

केंद्रीय शिस्तपालन आयोग ही पक्षाची संस्था. २०१८ मध्ये तिच्या जोडीला राष्ट्रीय पर्यवेक्षण आयोग ही सरकारी संस्था उभी राहिली. कार्यालय एक, माणसं तीच, पाट्या दोन. पहिली पाटी पक्षसदस्यांसाठी; दुसरी सार्वजनिक सत्ता वापरणाऱ्या प्रत्येकासाठी, म्हणजे सरकारी शाळा-इस्पितळांचे व्यवस्थापक, सरकारी कंपन्यांचे अधिकारी, गावसमित्यांचे कारभारीही.

आयोगाच्या संकेतस्थळावर एक-दोन ओळींची घोषणा येते: अमुक पदावरच्या तमुक यांच्यावर शिस्त आणि कायद्याच्या गंभीर भंगाचा संशय आहे. तोवर माणूस बहुधा आयोगाच्या ताब्यात असतो. या ताब्याची मुदत तीन महिने, वाढवून सहा. आणि जून २०२५ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार दहा वर्षांहून जास्त शिक्षेच्या प्रकरणात आणखी दोन. या काळात वकील मिळत नाही. इंटरपोलचे प्रमुख मेंग होंगवेई २०१८ मध्ये फ्रान्समधून चीनला गेले आणि दिसेनासे झाले. पत्नीने फ्रेंच पोलिसांकडे तक्रार केल्यावर काही दिवसांनी चीनने चौकशीची कबुली दिली.

काही महिन्यांनी पक्षाचा निकाल येतो. तो नीट वाचावा, कारण त्यात दोन्ही व्याख्या एकाखाली एक मांडलेल्या असतात. आधी श्रद्धा ढळली, पक्षाशी बेइमानी केली, चौकशीत खोटं बोलला. मग मेजवान्या, भेटी. मग बढत्या विकल्या. मग खासगी चारित्र्य. आणि शेवटी लाच. पक्षातून आणि नोकरीतून दोन्हीकडून हकालपट्टी झाल्यावरच प्रकरण अभियोग कार्यालयाकडे, तिथून न्यायालयात. चिनी फौजदारी न्यायालयांत दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर आहे.

न्यायालयात पोचेपर्यंत वरचं सगळं गळून पडतं आणि आकडा उरतो. सुन झेंगत्साय हे पॉलिटब्यूरोचे सदस्य, भावी नेतृत्वात ज्यांचं नाव घेतलं जाई. २०१७ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. त्या ऑक्टोबरच्या पक्ष-अधिवेशनात शेअर बाजार नियामकाचे प्रमुख ल्यू शियू यांनी जाहीरपणे सांगितलं, की सुन आणि आणखी काही जणांनी पक्षाचं नेतृत्व बळकावण्याचा कट केला होता. मे २०१८ मध्ये सुन यांना जन्मठेप झाली ती १७ कोटी युआनच्या लाचेसाठी. कटाचा आरोप त्यांच्यावर ठेवलाच गेला नव्हता. खुद्द ल्यू शियू यांचीही २०१९ मध्ये चौकशी झाली आणि त्यांचं सदस्यत्व दोन वर्षं देखरेखीखाली गेलं.

### मग हे सगळं राजकारणच ना?

‘विरोधक संपवायचे आणि त्याला भ्रष्टाचारविरोध म्हणायचं’ हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. चोंगचिंगचे पक्षसचिव बो शिलाय, सुरक्षायंत्रणेचे प्रमुख झोउ योंगकांग, सुन, आणि आता सेनापती: मोठ्या माशांच्या निवडीत राजकारण नाही असं म्हणणं भाबडेपणा. झोउ यांच्या शिक्षेत लाचेबरोबर गुप्त कागदपत्रं एका ‘सिद्धपुरुषा’ला दाखवल्याचाही गुन्हा होता!

पण पैसे खोटे नसतात. ऊर्जा प्रशासनाच्या कोळसा विभागाचे उपप्रमुख वेई पेंगयुआन यांच्या घरात २० कोटी युआनच्या वर रोकड सापडली; मोजायला आणलेल्या सोळा यंत्रांपैकी चार जळाली. एका सरकारी वित्तकंपनीचे अध्यक्ष लाय शियाओमिन यांनी रोकड ठेवायला बीजिंगमध्ये वेगळं घर केलं होतं, त्याला ते ‘सुपरमार्केट’ म्हणायचे. शिवाय २०२४ या एका वर्षात ८ लाख ८९ हजार लोकांना शिस्तभंगाची किंवा प्रशासकीय शिक्षा झाली. एवढे विरोधक कुणालाच नसतात. माझं मत असं, की गुन्हा सहसा खरा असतो. तो कुणाचा आणि कधी उघडायचा, हे राजकारण ठरवतं. जिथे जवळपास प्रत्येकाच्या कपाटात काहीतरी असतं, तिथे कपाटाच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत तो राजा.

### ‘सरळ गोळी घालतात’ हे कितपत खरं?

मोठ्या अधिकाऱ्यांबाबत फारच थोडं. संसदेचे उपाध्यक्ष चेंग केजिए यांना २००० मध्ये, औषध प्रशासनाचे माजी प्रमुख झेंग शियाओयू यांना जुलै २००७ मध्ये, लाय शियाओमिन यांना जानेवारी २०२१ मध्ये (लाच १७८ कोटी युआनच्या वर), आणि होहोत शहरातले अधिकारी ली जियानपिंग यांना डिसेंबर २०२४ मध्ये मृत्युदंड दिला गेला. अशी नावं आणखी काही निघतील, पण दोषी ठरलेल्यांच्या मानाने ती फारच थोडी. आणि गोळीच घालतात असंही नाही. १९९७ पासून विषारी इंजेक्शनलाही कायद्यात जागा आहे.

बातमीत ‘फाशीची शिक्षा’ वाचतो तेव्हा ती बहुतेक वेळा ‘दोन वर्षांच्या स्थगितीसह मृत्युदंड’ असते. दोन वर्षांत नवा गुन्हा केला नाही की ती जन्मठेप होते. माजी कृषिमंत्री तांग रेनजियान यांना सप्टेंबर २०२५ मध्ये २६ कोटी ८० लाख युआनच्या लाचेसाठी हीच शिक्षा झाली. पूर्वी अशी जन्मठेप पुढे कमी होत जायची. २०१५ च्या दुरुस्तीने न्यायालयाला ‘यात कपात नाही, पॅरोल नाही’ असं बजावायची मुभा दिली. तशी पहिली शिक्षा २०१६ मध्ये युन्नानचे माजी पक्षसचिव बाय एनपेइ यांना झाली.

### इतकं करूनही थांबत का नाही?

कारण पैसा जिथे जन्मतो ती जागा तशीच आहे. जमीन सरकारची, मोठ्या बँका सरकारच्या, परवाने सरकारचे, आणि बढती वरच्याच्या मर्जीवर. १९८० च्या दशकात कोळसा-पोलादाला दोन भाव होते, एक सरकारी आणि एक बाजाराचा. ज्याचा हात सरकारी भावापर्यंत पोचे तो दुसऱ्या भावात विकून गब्बर होई. १९८९ च्या तियानआनमेन आंदोलनात या अधिकारी-दलालांविरुद्धचा राग ठळक होता. दोन भाव गेले, मधली माणसं राहिली. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या भ्रष्टाचार निर्देशांकात (जास्त गुण म्हणजे कारभार जास्त स्वच्छ) चीनला १०० पैकी ४३ गुण आहेत, भारताला ३८. गोळी घालण्याच्या ख्यातीच्या मानाने पाच गुणांचं अंतर काही फार नाही.

### दोन्ही व्याख्यांतून काय निसटतं?

घड्याळ, गोल्फचं कार्ड, जेवणातली दारू, वाचलेलं पुस्तक. एवढ्या बारीक चाळणीतून एक गोष्ट मात्र सहज निघून जाते: नेत्यांच्या कुटुंबांची संपत्ती. २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तेव्हाचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांच्या नातेवाइकांच्या २७० कोटी डॉलर्सच्या मालमत्तेचा शोध छापला. त्यात बेकायदा काही होतं का, हा प्रश्न चीनमध्ये जाहीरपणे विचारला गेला नाही. वृत्तपत्राचं संकेतस्थळ तेवढं बंद झालं.

अधिकाऱ्यांना आपली घरं, गुंतवणूक, मुलाबाळांचं परदेशातलं वास्तव्य कळवावं लागतं, पण ते पक्षाच्या संघटन विभागाला. आपल्याकडे उमेदवाराचं संपत्तीचं शपथपत्र कुणीही उघडून वाचू शकतो. त्यात खोटं किती ते वेगळं, पण कागद समोर असतो. शिनजियांगमधल्या आल्ताय इथे २००९ मध्ये अधिकाऱ्यांची संपत्ती जाहीर करण्याचा प्रयोग झाला होता. त्याचा पुढे देशव्यापी कायदा झाला नाही.

अधिकाऱ्यांनी संपत्ती जाहीर करावी ही मागणी घेऊन कायद्याचे अभ्यासक शू झियोंग यांच्या ‘नवनागरिक चळवळी’तले लोक २०१२-१३ मध्ये फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले, शी जिनपिंग यांची मोहीम ऐन भरात असताना. जानेवारी २०१४ मध्ये शू यांना चार वर्षांची शिक्षा झाली. आरोप होता गर्दी जमवून सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवल्याचा. सुटून आल्यावर ते बोलत राहिले, आणि एप्रिल २०२३ मध्ये राजसत्ता उलथवण्याच्या आरोपाखाली त्यांना १४ वर्षं झाली. घड्याळदादालाही १४ च झाली होती.